उसनं लुगडं

“अजून एकदा घे, बेटी. ‘निघाली’वर थांबू नको. पुढं चालत राह,” सत्तारभाई म्हणाले आणि त्यांनी ढोलकवर थाप दिली.

१९८२ सालचा एप्रिल. दुपारचे तीन वाजले असतील. नागपूरच्या उन्हानं मोमिनपुऱ्याची गल्ली रिकामी केली होती. सत्तारभाईंचं ढोलक मढवायचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. भिंतीला ढोलकांची नुसती लाकडी खोडं टांगलेली, कोपऱ्यात टोपल्यात भिजत घातलेलं कातडं, आणि त्या वासात आम्ही तिघं. सत्तारभाई सतरंजीवर. त्यांच्यासमोर मी, कुंदा गजभिये, वय वर्षं वीस. आणि दाराशी स्टुलावर, मांडीवर लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन विल्सन साळवे. गिटारचा आवाज मोठा करायचा डबा त्यानं चहाच्या खोक्याच्या प्लायवूडचा स्वतःच बनवला होता. तो डबा मधूनच मांजरासारखा गुरगुरायचा.

मी गायला सुरुवात केली.

*उसनं लुगडं नेसून माय माझी निघाली,*
*परत आली तेव्हा ती तिचीच झाली.*

‘निघाली’ म्हटल्याबरोबर विल्सननं एकाच वेळी तीन-चार तारा छेडल्या. फार जोरात नाही. पण माझ्या सुराखाली कुणीतरी जमीन घातल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी हे गाणं म्हणत होते, पण पायाखाली असं काही कधी लागलं नव्हतं. सत्तारभाईंनी मान डोलावली. दोघांनी मिळून ठेका धरला, आणि मी डोळे मिटून पुढचं कडवं घेतलं.

डोळे उघडले तेव्हा दारात बाबा उभे होते.

हाताला सायकल, कॅरिअरला ढोलक बांधलेलं. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. विल्सन स्टुलावरून उठला. बाबांनी ढोलक सोडलं, सत्तारभाईंसमोर ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “एका बाजूनं सैल पडलं, सत्तार. जयंतीच्या आत कसून दे.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “चल घरी.”

माझे बाबा, सदाशिव गजभिये, मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते. पण इंदोऱ्यापासून पार कामठीपर्यंत त्यांना लोक ओळखायचे ते ‘जागृती गायन पार्टी’चे सदाशिवराव म्हणून. बाबासाहेबांची गाणी ते स्वतः लिहायचे, स्वतः चाली लावायचे आणि पेटीवर बसून गायचे. एप्रिल महिना आला की आमच्या घरी पाहुण्यांपेक्षा बोलावणीच जास्त. ‘उसनं लुगडं’ हे त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं, कारण ती त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट होती. छप्पन सालच्या दसऱ्याला उमरेडकडच्या आमच्या गावाहून ती दोन दिवस चालत नागपूरला आली होती, दीक्षा घ्यायला. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून शेजारणीचं मागून नेसून आली होती.

त्या वर्षी मात्र बाबांचा गळा गेला होता. चोवीस वर्षांचा कापूस छातीत बसला होता. बोलताना त्रास नव्हता, पण सूर लावला की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं होतं. म्हणून त्या जयंतीला पुढं मी बसणार होते आणि बाबा नुसती पेटी धरणार होते.

विल्सन मला सदरमधल्या टायपिंगच्या क्लासात भेटला होता. रेल्वेतल्या गार्डचा मुलगा, अजनीच्या क्वार्टरमधला. तो टाइप करायचा तेही ठेक्यात, आणि सर ओरडायचे, “साळवे, हे मशीन आहे, तबला नाही!” रविवारी तो चर्चमध्ये वाजवायचा आणि शनिवारी रेल्वेवाल्यांच्या नाचाच्या कार्यक्रमात. एकदा जिन्यात मी गुणगुणत होते, तर त्यानं विचारलं, “हे कुठल्या पिक्चरमधलं?” मी म्हटलं, “कुठल्याच नाही. माझ्या बाबांचं आहे.” तो म्हणाला, “मग मला पूर्ण ऐकव.” आमच्याबद्दल पुढं लोक काय काय बोलले. तसं काही नव्हतं. दोघांना एकाच गोष्टीचं वेड होतं, एवढंच.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. रेल्वेच्या पुलाखाली सावली आली तिथं थांबले.

“किती दिवसांपासून चालून राहिलं हे?”

“दीड महिना.”

“अन् मले सांगतलं नाही.”

“तुम्ही नाही म्हटलं असतं.”

“म्हटलंच असतं,” ते म्हणाले. “लोकं आपल्याकडं नाचाले नाही येत, कुंदे. ऐकाले येतात. शेवटच्या रांगेतल्या बाईले शब्द पोचला पायजे. बस. तेवढ्यासाठी म्या जिंदगी घातली.”

“पण लोक आता उठून जातात, बाबा. मागच्या वर्षी पाहिलं ना तुम्ही? पलीकडच्या मैदानात ऑर्केस्ट्रा लागला आणि अर्धी सतरंजी रिकामी झाली.”

त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी सायकल धरून उभी राहिले. मग ते म्हणाले, “जयंतीले ते वाजणार नाही,” आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तारभाई कसलेलं ढोलक घेऊन घरी आले. ते स्वतः कव्वाल. बाबांचे दोस्त, आणि गाण्याच्या सामन्यात समोरासमोर बसले की दुश्मन. आईनं चहा दिला. दोन घोट झाल्यावर त्यांनी विषय काढला.

“सदाशिव, अठ्ठावनचं साल आठव.”

“काय आठवू?”

“तू माझ्या अब्बांकडं आला होता. म्हणाला, चाचा, आम्हाला पण ही टाळी शिकवा. आमच्या भजनात जान नाही, लोक झोपतात. अन् तुमचे ते खंजिरीवाले बुवा काय बोलले होते तुला?”

उत्तर आईनं चुलीपासून दिलं. “म्हणे, सद्या बाटला. दोन वर्षं आपल्या घरचं पाणी नाही पेले.”

सत्तारभाई खो खो हसले. बाबासुद्धा हसता हसता थांबले.

“टाळीनं शब्द मरत नाही, सत्तार,” ते म्हणाले. “टाळी माणसाच्या हाताची हाय. ते विजेचं हाय. ते वाजलं का त्याच्याखाली काहीच उरत नाही. मले गळा उरला नाही आता. आता माह्याजवळ शब्दच हाय. तेही त्या डब्याच्या तोंडी देऊ?”

सत्तारभाईंनी कप खाली ठेवला. बाबा बराच वेळ ढोलकच्या दोऱ्या चाचपत होते. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या पोट्ट्याले बसू दे. दोन-चार गाणी त्याच्यासंग घे. पण ‘उसनं लुगडं’ नाही. ते मी पेटीवर अन् सत्तार ढोलकवर. तिसरं काही नाही. शब्द दे.”

“दिला,” मी म्हटलं.

तेरा एप्रिलचा कार्यक्रम आमच्याच वस्तीत होता. चार तख्तं जोडून स्टेज केलं होतं, निळ्या पताका, फुलांनी सजवलेला बाबासाहेबांचा फोटो, खांबांवर दोन भोंगे. दिवस पुरता मावळलाही नव्हता तरी सतरंज्या भरल्या होत्या. पुढं म्हाताऱ्या, मग बायका-पोरं, मागं उभे पुरुष, आणि त्यांच्याही मागं पानठेला. विल्सन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. चढण्याआधी तो तख्ताला हात लावून पाया पडला. कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. बाबांनी ते पाहिलं.

पहिलं वंदनगीत झालं. दुसऱ्या गाण्यात विल्सन वाजवायला लागला तसं पुढच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं कानाला पदर लावला. पोरं मात्र उभी राहिली. बरं चाललं होतं. आणि मग पलीकडच्या मैदानात ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

त्यांच्याकडे आठ भोंगे होते. तिकडची धडधड जमिनीतून यायची. आमच्याकडचे पुरुष आधी माना वळवायला लागले, मग एक-एक करून सरकायला लागले. तिसऱ्या गाण्याला मागची बाजू विरळ झाली. चौथ्याला बायकांतल्याही काही उठल्या. कडेवर पोर घेऊन, ओशाळं हसत. मी गात होते आणि माणसं मोजत होते. गाताना माणसं मोजणं यासारखं वाईट काही नाही.

“आता ‘उसनं लुगडं’,” बाबा हळूच म्हणाले आणि पेटीवर सूर धरला.

विल्सननं ठरल्याप्रमाणे गिटार मांडीवरून खाली ठेवली.

मी पहिली ओळ म्हटली. साधी, बाबांच्या चालीत. भोंग्यातून आवाज गेला आणि पलीकडच्या धडधडीत विरून गेला. पुढं बसलेली एक पोरगी जांभई देत होती. माझ्या आजीच्या गाण्यावर जांभई! मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग होता, लाज होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडा तोराही होता. दुकानात ते गाणं कसं उठायचं ते मला ठाऊक होतं. मी विल्सनकडे वळले आणि म्हटलं, “उचल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाबांकडे बघितलं.

“उचल म्हणते ना!”

त्यानं गिटार घेतली. मी ओळ पुन्हा घेतली, दुप्पट लयीत. ‘निघाली’वर त्याचा हात पडला. सत्तारभाईंचं ढोलक क्षणभर अडखळलं आणि मग धावलं.

पेटी थांबली. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. बाबांनी भाता मिटला, त्याची कडी लावली. नीट, घाई न करता. उठले. तख्ताखालच्या चपला पायानं शोधल्या. आणि सगळ्यांच्या देखत, लोकांमधून वाट काढत मागं चालू लागले.

माझा सूर हलला.

“रुकू नको,” सत्तारभाई ढोलकवरून दातांतच म्हणाले. “आता रुकली तर दोन्हीकडून गेली. गा!”

मी गायले. बाबांची पांढरी टोपी गर्दीतून लांब जाताना दिसत होती. पानठेल्यापाशी दिसली, मग दिसेनाशी झाली. दुसरं कडवं, तिसरं कडवं. पुढच्या पोरांनी टाळी धरली, मग बायकांनी. पलीकडे गेलेले पुरुष परत येताना दिसू लागले. आधी दोन-चार, मग घोळके. कानाला पदर लावलेली म्हातारी मांडीवर ताल देत होती. ‘परत आली तेव्हा’ असं मी म्हणायची आणि पुढची अर्धी ओळ शेवटी शेवटी लोकच म्हणायचे. ते गाणं आम्ही चारदा म्हटलं. वस्तीतल्या लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि मला वाटत होतं, आपण बापाला स्टेजवरून उठवलं.

कार्यक्रम आटपून घरी आले तेव्हा बाबा अंगणात बाजेवर कूस बदलून पडले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. आईनं खुणेनं मला आत बोलावलं. ताटावर बसले आणि तशीच उठले.

सकाळी उठले तर बाबा चुलीपुढं. त्यांनीच चहा टाकला होता. चौदा एप्रिल, बाहेर निळ्या झेंड्यांची पोरं ओरडत चालली होती. त्यांनी मला कप दिला आणि समोर बसले.

“‘तिचीच’ ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

मला कळलंच नाही.

“‘परत आली तेव्हा ती’... तिथपर्यंत साफ. ‘तिचीच’ म्हणतं तवाच तो पोट्टा हात मारते. पहिल्या रांगेत येत असंल ऐकू. पानठेल्यापासून नाही येत.”

“तुम्ही ऐकत होते?”

“उठलो ते रागानंच उठलो,” ते म्हणाले. “घरीच निघालो होतो. म्हटलं, पोरगी गेली हातची. पानठेल्यापर्यंत आलो, अन् शब्द मागून येऊनच राहिले. थांबलो. मग म्हटलं, पाहू तं खरं, कुठपर्यंत येतात. तसाच चालत गेलो. पिंपळापर्यंत आले. पिठाच्या चक्कीपर्यंत आले. माहा आवाज चांगला होता तवाही चक्कीपर्यंत कधी गेला नव्हता.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. खोकले.

“तिथं एक बाई उभी होती. कडेवर लेकरू. त्या ऑर्केस्ट्राकडंच चालली होती वाटते. मले म्हणे, भाऊ, हे कोनाचं गाणं हाय? म्या म्हटलं, माह्या मायचं.”

“मग?”

“मग काय. वापस फिरली ते. इकडं आली.”

मी रडायला लागले. मी शब्द मोडला होता, हे बाबा विसरले नव्हते. तोंडावरून कळत होतं. पण त्याबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही. मीच एकदा, पुष्कळ दिवसांनी, माफी मागितली. तर म्हणाले, “आजीनं शेजारणीले सांगून लुगडं नेलं होतं. तू न सांगता नेलं. फरक लक्षात ठेव.” एवढंच.

त्या चौदा तारखेला दुपारी मात्र ते स्वतः मला घेऊन मोमिनपुऱ्यात आले. विल्सन आधीच येऊन घाबरून बसला होता. बाबांनी त्याला गाणं सुरू करायला लावलं आणि स्वतः दुकानाबाहेर, रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उन्हात उभे राहिले. ओळ झाली की तिथूनच हात वर करायचे. “‘तिचीच’ आलं का हात उचल!” ते ओरडायचे. “तेवढ्यापुरता! पुढं वाजव पाहिजे तेवढं!” येणारे-जाणारे सायकल थांबवून बघत होते. विल्सननं तारांवर तळवा ठेवून आवाज दाबला, आणि ‘तिचीच’ एकटंच बाहेर पडलं. ढोलक नाही, गिटार नाही, नुसता माझा आवाज. मग पुन्हा सगळं एकदम. सत्तारभाई म्हणाले, “या अल्लाह.”

पुढच्या दोन वर्षांत नागपुरातल्या किती पार्ट्यांनी गिटार धरली त्याला गणती नाही. कुणी ऑर्गन आणला, कुणी बँडवाल्याचा क्लॅरिनेट. लग्नाच्या वरातींतही आमच्या चालीवर पोरं नाचायला लागली, आणि बाबा कपाळाला हात लावून हसायचे. ज्या ऑर्केस्ट्रानं आमची माणसं पळवली होती, त्यांनीच एकदा ‘उसनं लुगडं’ त्यांच्या कार्यक्रमात घेतलं. जुन्या लोकांनी बाबांना नावं ठेवली. एका कवीमित्रानं बोलणं टाकलं. आई म्हणाली, “चला, आता तुमच्या घरचं पाणी बंद.”

आज त्या चौघांतली मी एकटीच उरले. बाबा पंच्याऐंशी साली छातीच्या दुखण्यानं गेले. सत्तारभाईंनी त्यांच्या तिरडीला खांदा दिला, आणि त्यानंतर ते सामन्यात कधी बसले नाहीत; पुढं तेही गेले. विल्सनला रेल्वेत नोकरी लागली, बिलासपूरला बदली झाली; तिथूनच त्याच्या जाण्याची बातमी मागच्या वर्षी आली. त्याच्या मुलीनं फोनवर विचारलं, “आत्या, पप्पा नेहमी तुमच्या बाबांचं सांगायचे. ते इतके कडक होते का?” मी तिला सांगितलं ती गोष्ट ब्याऐंशीच्याच दसऱ्याआधीची.

बाबांनी दीक्षेच्या दिवसासाठी नवीन गाणं लिहिलं होतं. आमच्या घरी, संध्याकाळच्या चहाला, त्यांनी वही विल्सनच्या पुढ्यात सरकवली. मी खांद्यावरून वाचलं. दोन ओळी लिहिलेल्या, मग चार ओळींची जागा कोरी. पुन्हा दोन ओळी, पुन्हा कोरी जागा. मला वाटलं, गाणं अर्धंच झालंय.

“हे मोकळं काहून ठेवलं, बाबा? सुचलं नाही का?”

“सुचलं. ते त्याचं हाय,” बाबा विल्सनकडे बोट करून म्हणाले.

विल्सननं वही दोन्ही हातांत धरली. चर्चच्या गाण्यांत, नाचाच्या कार्यक्रमांत त्याला सगळे सांगायचे, अमुक वाजव, तमुक वाजव. त्यानं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग अगदी अदबीनं विचारलं, “काका, इथं काय वाजवू?”

बाबांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“मले काय विचारतं? वरचे शब्द म्या तुले विचारून लिहले काय?”